स्कॉटलंडची मध्ययुगीन सोन्याची नाणी : अक्षरं वाचण्यापासून पहिल्या खरेदीपर्यंत

पहिल्यांदा 'डेमी', म्हणजे स्कॉटलंडचं पंधराव्या शतकातलं सोन्याचं नाणं, तळहातावर घेतली तेव्हा सगळ्यात आधी जाणवलं ते तिचं पातळपण. वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम, आणि रुंदी साधारण नव्वदच्या दशकातल्या स्टीलच्या रुपयाएवढी. आपला शिवराई होन ज्यांनी पाहिला आहे त्यांना फरक लगेच कळेल. होन लहान आणि जाड असतो, चिमटीत धरला की सोनं हाताला लागतं. डेमी म्हणजे सोन्याचा पत्राच. बोटांनी दाबली तर वाकेल अशी भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे.

ज्या विक्रेत्याने ती हातात दिली त्याने किंमत सांगितलीच नाही. "कडेची अक्षरं वाचून दाखव," म्हणाला. मला एकही शब्द लागला नाही. त्याने नाणं परत घेतलं आणि महिनाभराने ये म्हणून सांगितलं. त्या वेळी राग आला होता. आज दुसऱ्या कोणी याच वाटेने जायचं म्हटलं तर मीही त्याला तेच सांगेन. म्हणून या लेखात खरेदीचा भाग बऱ्याच पुढे आहे.

आधी मालिका डोक्यात बसवा

स्कॉटलंडने स्वतःची नाणी बाराव्या शतकात पाडायला सुरुवात केली. राजा पहिल्या डेव्हिडच्या सैन्याने ११३६ मध्ये उत्तर इंग्लंडमधलं कार्लाइल घेतलं, तिथल्या चांदीच्या खाणी आणि टांकसाळ त्याच्या हाती आली. त्यानंतर दोन शतकं मामला निव्वळ चांदीचा होता. सोनं आलं ते दुसऱ्या डेव्हिडच्या काळात, आणि त्यामागे एक लढाई हरल्याची कथा आहे. १३४६ मध्ये नेव्हिल्स क्रॉसच्या लढाईत डेव्हिड इंग्रजांच्या हाती सापडला. अकरा वर्षं कैदेत काढून १३५७ मध्ये बेरिकच्या तहाने तो सुटला, तो १ लाख मार्क खंडणीच्या बोलीवर. परतल्यावर त्याच्या नावाने जो सोन्याचा 'नोबल' निघाला तो इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या नोबलची हुबेहूब नक्कल होता. जहाजात उभा राजा तोच, फक्त ढालीवर स्कॉटलंडचा सिंह. हे नोबल आज बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. संग्राहक म्हणून ते विसरून जायचे आणि संग्रहालयात जाऊन डोळे भरून पाहायचे.

त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या रॉबर्टने सोनं पाडलंच नाही. खरी मालिका तिसऱ्या रॉबर्टपासून, म्हणजे १३९० नंतर सुरू होते. त्याच्या 'लायन' या नाण्यावर इंग्लंडची छाया उरलेली नाही. पुढच्या बाजूला मुकुटाखाली सिंहाची ढाल आहे. ही मांडणी फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सने १३८५ मध्ये काढलेल्या 'एक्यू' या सोन्याच्या नाण्यावरून घेतलेली. मागच्या बाजूला फुलीच्या क्रुसावर संत अँड्र्यू, हा मात्र अस्सल स्कॉटिश. फ्रान्सशी जुनी मैत्री आणि स्वतःचा संत, दोन्ही एका नाण्यावर आले. मला ही मालिका आवडायला लागली ती इथपासून.

लायनची किंमत ५ शिलिंग होती. त्याचे दोन गट पडतात. १४०३ पर्यंतचा जड, सुमारे ३.९ ग्रॅमचा, आणि त्यानंतरचा हलका, सुमारे अडीच ग्रॅमचा. हा फरक पाठ करून ठेवा. हलक्या लायनला कातरलेला, म्हणजे कडेचं सोनं कापून घेतलेला, जड लायन समजण्याची चूक, आणि त्याच्या उलटही, वारंवार होते.

पहिला जेम्स १४०६ मध्ये इंग्रजांच्या कैदेत असतानाच राजा झाला आणि १४२४ मध्ये मायदेशी परतला. त्यामुळे कॅटलॉगात त्याची कारकीर्द १४०६ ते १४३७ अशी दिसली, तरी त्याच्या डेमी १४२४ नंतरच्या. डेमी ९ शिलिंगांची. पुढे चौकटीच्या एक्क्यासारख्या तिरप्या ढालीत सिंह, मागे सहा कमानींच्या महिरपीत फुलीचा क्रूस. दुसऱ्या जेम्सने सुरुवातीला डेमीच चालू ठेवली आणि १४५१ पासून १० शिलिंगांचा नवा लायन काढला. तिसऱ्या जेम्सच्या काळात दोन देखणी नाणी आली. एक 'रायडर', तलवार उपसून घोडा फेकणारा राजा, सुमारे ५.१ ग्रॅम, २३ शिलिंगांचा. दुसरं 'युनिकॉर्न', सुमारे ३.८ ग्रॅम, १८ शिलिंगांचं, १४८०च्या दशकातलं. बसलेला एकशिंगी प्राणी, गळ्यात मुकुट, पुढच्या पायांत सिंहाची ढाल, खाली साखळी आणि कडी. ब्रिटनच्या राजचिन्हात सिंहासमोर उभा असतो तोच हा युनिकॉर्न, १६०३ मध्ये दोन्ही मुकुट एका डोक्यावर आल्यानंतर तिथे गेलेला.

चौथ्या जेम्सने युनिकॉर्न पुढे चालवला. ९ सप्टेंबर १५१३ रोजी तो फ्लॉडनच्या रणांगणावर पडला. पाचव्या जेम्सच्या काळात युनिकॉर्न संपला, क्राउन आला, आणि १५३९ व १५४० मध्ये निघालं ते 'बॉनेट पीस'. चपटी टोपी घातलेल्या राजाचा खराखुरा चेहरा, आणि स्कॉटिश नाण्यावर प्रथमच छापलेलं साल. क्रॉफर्ड मूरच्या परिसरात सापडलेलं स्कॉटलंडचंच सोनं त्यासाठी वापरलं गेलं.

सीमा आखून घ्या

मध्ययुग कुठे संपवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण पहिल्या खरेदीआधी ठरवावं. मी स्वतः फ्लॉडनपाशी, १५१३ ला थांबतो. बॉनेट पीसचा चेहरा रेनेसाँचा आहे, तो माझ्या डब्यात परका वाटतो. पण एका बॉनेट पीसने संग्रहाचा शेवट करणारे अनेक आहेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

एकेका प्रकाराचं एक नाणं घ्यायचं असं ठरवलं तर रॉबर्टचा लायन, जेम्सची डेमी, दुसऱ्या जेम्सचा लायन, रायडर आणि युनिकॉर्न, असा पाच नाण्यांचा संच होतो. ऐकायला थोडा वाटतो. तो जमवायला दहा वर्षं लागली तरी घाई झाली असं समजा. अर्धा लायन, अर्धी डेमी, पाव रायडर असे छोटे भाग खूपच दुर्मीळ आहेत. ते आधी घ्यायचे नाहीत, कारण तुलनेसाठी बाजारात दुसरं नाणं मिळत नाही आणि नवख्या माणसाला भाव कळत नाही.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बऱ्या अवस्थेतली डेमी चार आकडी पौंडांत जाते. रायडर आणि चांगला युनिकॉर्न त्याच्याही वर. बॉनेट पीस पाच आकड्यांत गेला तर नवल वाटायला नको. तेवढी तयारी नसेल तर याच राजांची चांदीची नाणी घ्यावीत. त्यात कमीपणा काही नाही, उलट शिकण्यासाठी तीच उत्तम.

डोळा तयार करा

माझा आग्रहाचा सल्ला असा की सोन्याआधी तिसऱ्या अलेक्झांडरची एक चांदीची पेनी घ्या. तेराव्या शतकाची ही पेनी भरपूर उपलब्ध आहे आणि शंभर पौंडांच्या आत बरी मिळते. ती महिनाभर टेबलावर ठेवून भिंगाखाली वाचा. भारतात असाल तर तांब्याच्या शिवरायाही चालतील. भाषा आणि लिपी वेगळी, पण खालचा ठसा स्थिर, वरचा हातात, मध्ये धातूची चकती आणि वरून घण, ही रीत तीच. घाव तिरका बसला की एक बाजू फिकी उठते. चकती सरकली की अर्धी अक्षरं बाहेर जातात. दोनदा घाव बसला की सावलीसारखी दुहेरी रेघ दिसते. या खुणा ओळखीच्या झाल्या की पुढे खोटं नाणं हातात आल्यावर काहीतरी खटकतं.

मग अक्षरं. सुरुवातीच्या नाण्यांवर लॉम्बार्डिक वळणाची लिपी आहे, गोलाकार, फुगीर. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जागी हळूहळू सरळ रोमन अक्षरं येतात, आणि चौथ्या जेम्सच्या युनिकॉर्नवर दोन्हींची सरमिसळसुद्धा सापडते. मजकूर लॅटिन. पुढच्या बाजूला बहुतेक वेळा राजाचं नाव, मग 'देई ग्राशिया रेक्स स्कॉटोरम', म्हणजे देवाच्या कृपेने स्कॉट लोकांचा राजा. मागच्या बाजूचे तीन मजकूर पाठ केले की बहुतेक काम झालं. रॉबर्टच्या लायनवर 'ख्रिस्त राज्य करतो, ख्रिस्त जिंकतो, ख्रिस्त आज्ञा करतो' असं आहे. त्यात ख्रिस्ताचं नाव ग्रीक वळणाच्या तीन अक्षरांत आखडलेलं असतं, म्हणून नवखा माणूस तिथेच अडतो. मीही तिथेच अडलो होतो. डेमी आणि रायडरवर 'साल्वुम फाक पोपुलुम तुउम दोमिने', हे प्रभू, तुझ्या प्रजेला तार. आणि युनिकॉर्नवर 'एक्सुर्गात देउस', देव उठो आणि त्याचे शत्रू उधळले जावोत. शेवटची दोन्ही वचनं बायबलातल्या स्तोत्रांमधली आहेत.

शब्दांच्या मध्ये फुल्या, तारे, कड्या अशी बारीक चिन्हं असतात. ओळीच्या सुरुवातीला टांकसाळीची खूण. पहिल्या आणि दुसऱ्या जेम्सच्या डेमी एकमेकींपासून वेगळ्या करायच्या त्या अशाच खुणांवरून, कारण दोघांचं नाव एकच आणि राजाचा क्रमांक लिहिण्याची पद्धत तेव्हा नव्हती. एडवर्ड बर्न्स यांनी केलेली ही सगळी वर्गवारी १८८७ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. आजही लिलावाच्या कॅटलॉगात नाण्यापुढे बर्न्स यांचा क्रमांक असतो, आणि त्याच्या जोडीला स्पिंक या लंडनच्या लिलावघराच्या प्रमाण कॅटलॉगाचा क्रमांक. हे दोन आकडे ज्या वर्णनात नाहीत ते वर्णन मी अपुरं समजतो. ब्रिटिश न्युमिस्मॅटिक सोसायटी १९०३ पासून चालू आहे. तिच्या नियतकालिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि डेमीच्या खुणांवर सर्वात जास्त मी तिथेच शिकलो.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी ग्लासगोचं हंटेरियन संग्रहालय आणि एडिनबराच्या चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय. हंटेरियनचा पाया डॉक्टर विल्यम हंटर यांचा खासगी संग्रह आहे, आणि ते १८०७ पासून लोकांसाठी खुलं आहे. मांडलेली नाणी काचेतून दिसतात तेवढ्यावर थांबू नका. अभ्यासासाठी कपाटातली नाणी पाहायची असतील तर नाणेविभागाला आगाऊ लिहून वेळ मागा. कोणत्या राजाची कोणती नाणी, कशासाठी, हे नेमकं लिहा. माझ्या पहिल्या पत्रात मी 'सगळी सोन्याची नाणी' असं लिहिलं होतं. उत्तर सौजन्याने आलं, पण नेमकी यादी मागणारं. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम इथेही स्कॉटिश सोनं आहे.

वजन, पाणी आणि कड

खोटेपणा ओळखण्याच्या साधनांत काटा सगळ्यात स्वस्त. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा सहज मिळतो. वजन ठरलेल्या मानापेक्षा थोडं कमी असेल तर झीज किंवा कातरकाम. जास्त असेल तर तिथेच थांबा. टांकसाळ सोनं फुकट वाटत नव्हती.

घनता मोजणं सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. शुद्ध सोन्याची घनता १९.३. ३.४० ग्रॅमची डेमी दोऱ्याने पाण्यात टांगली आणि वजनात ०.१८ ग्रॅमची घट आली, तर भागाकार १८.९, म्हणजे उत्तम सोनं. घट ०.१९ आली की उत्तर १७.९. काट्याच्या शेवटच्या एका आकड्याने उत्तर पूर्ण एक अंकाने बदललं. इतक्या हलक्या नाण्याला हजारावा भाग दाखवणारा काटा लागतो, दोरा अगदी बारीक लागतो, आणि नाण्याला चिकटलेला हवेचा एकही बुडबुडा चालत नाही. हे जमणार नसेल तर एक्स-रे तपासणी करणाऱ्याकडे जा. नाण्यावर ओरखडा काढून कसोटीवर घासायचं मात्र अजिबात नाही. सोनाराच्या दुकानात ती रीत बरोबर असेल, इथे तो गुन्हा समजावा.

खोटी नाणी साधारण तीन तऱ्हांची भेटतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या, साबणासारखी मऊ अक्षरं आणि कडेला घासून काढलेली जोडरेषा असते. दुसरी तऱ्हा नव्या ठशांनी पाडलेली. ती जास्त धोक्याची, कारण घावाच्या खुणा खऱ्याच असतात. तिथे अक्षरांचं वळण आणि ओळखीच्या ठशांशी तुलना एवढाच आधार. तिसरी तऱ्हा मुळात फसवायला बनवलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये रॉबर्ट रेडी यांनी अस्सल नाण्यांच्या विद्युत-प्रती काढल्या. दोन पातळ कवचं जोडून आत धातू भरायचा, वरून मुलामा द्यायचा. अनेकींच्या कडेवर आर आर किंवा एम बी ही अक्षरं उठवलेली आहेत. चेहरा अस्सल नाण्याचाच असल्याने फोटोत कोणीही फसेल. कड पाहिली तर कोणी फसणार नाही.

कडेबद्दल मला स्वतःला किंमत मोजून शिकावं लागलं. एका छोट्या गावच्या लिलावात मी फोटोवरून डेमी घेतली. पुढची बाजू सुरेख, मागची सुरेख. घरी आल्यावर भिंगाखाली माथ्याशी, घड्याळात बारा असतात त्या जागी, कडेवर तांदळाच्या कण्याएवढा फिकट डाग दिसला. कधीतरी कोणीतरी त्या नाण्याला कडी झाळून पदक केलं होतं आणि पुढे कडी काढून जागा घासली होती. नाणं अस्सलच, पण भाव जवळपास निम्मा. तेव्हापासून कडेचे चार फोटो मागितल्याशिवाय मी बोली लावत नाही. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर ते नाणं माझ्यासाठी संपलं.

त्या काळच्या नाण्यांत दागिन्यात राहिलेली बरीच आहेत. त्यामुळे बुजवलेलं भोक, दिवा आडवा धरल्यावर मैदानात, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट जागेत, दिसणारी लाट, म्हणजे वाकलेलं नाणं सरळ केल्याची खूण, आणि सुईने नव्याने कोरलेली सिंहाची आयाळ, या तीन गोष्टी दर वेळी शोधायच्या. प्रकाश वरून नको, बाजूने हवा.

अवस्था : काय माफ करायचं आणि काय नाही

ब्रिटिश पद्धतीत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन असे टप्पे. अमेरिकेतल्या कंपन्या नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून आकडा देतात. त्या डबीने अस्सलपणाची बरीच खात्री मिळते हे खरं, पण कड लपते, आणि हातोडी-नाण्याचं सौंदर्य एका आकड्यात बसत नाही. मी आकड्यापेक्षा तीन जागा पाहतो. लायनवर संत अँड्र्यूचा चेहरा, कारण तो बहुधा सपाट उठतो. डेमीवर तिरप्या ढालीतला सिंह, शेपटीच्या टोकापर्यंत. युनिकॉर्नवर डोकं आणि शिंग. या जागा जिवंत असतील तर कडेची चार अक्षरं फिकी असली तरी मी माफ करतो. कातरकाम मात्र माफ करत नाही. मण्यांचं बाहेरचं वर्तुळ आणि अक्षरांचे माथे शाबूत हवेत. नवीन चकाकी असलेलं, घासूनपुसून लख्ख केलेलं नाणंही नको. साडेपाचशे वर्षं जुन्या सोन्याच्या खाचांत थोडी लालसर छटा बसलेली असते, ती मला प्रिय आहे.

कुठे आणि कसं घ्यायचं

लंडनमध्ये स्पिंक, नूनन्स यांसारख्या लिलावघरांचे नाण्यांचे लिलाव नियमित होतात. ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचे सदस्य विक्रेते आहेत. हीच संघटना लंडनला कॉइनेक्स हे प्रदर्शन भरवते. एका दालनात इतके जाणकार विक्रेते एकत्र भेटतात की पहिल्या वर्षी पाकीट घरी ठेवून जावं आणि फक्त नाणी हातात घ्यावीत. टेबलावर मऊ पट्टी असते. तिच्यावरच, कडेने धरून. विचारल्याशिवाय उचलायचं नाही.

लिलावातला हिशोब आधी कागदावर करा. हातोडा ३,००० पौंडांवर पडला, लिलावघराचं खरेदीदार-शुल्क २० टक्के धरलं, तर ६०० पौंड. त्या शुल्कावर २० टक्के व्हॅट, १२०. झाले ३,७२०. काही घरांचं शुल्क २४ टक्क्यांपर्यंत असतं, आणि दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून बोली लावली तर आणखी थोडे टक्के. म्हणजे शुल्क २० टक्के असताना तुमची कमाल रक्कम ३,७२० असेल तर बोली ३,००० ला थांबते. मी हा आकडा पेन्सिलीने कॅटलॉगाच्या समासात लिहितो आणि लिलाव चालू असताना बदलत नाही. एकदा बदलला होता, आणि ते नाणं मला आजही महाग वाटतं.

विक्रेत्याकडून घेताना पावतीवर राजा, नाण्याचं नाव, वजन, बर्न्स आणि स्पिंकचे क्रमांक, दुरुस्ती असल्यास तिचा उल्लेख आणि अस्सलपणाची मुदत नसलेली हमी लिहून घ्या. ही मागणी उद्धटपणाची नाही. चांगले विक्रेते न मागता देतात.

गुंतवणूक म्हणून कोणी हे सुचवलं तर एवढं लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये व्हॅटमधून सुटणाऱ्या गुंतवणुकीच्या सोन्याची व्याख्या १८०० नंतर पाडलेल्या नाण्यांची आहे. आपली नाणी त्यात बसत नाहीत. सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याला भांडवली नफ्यावरच्या करातून मिळणारी सूटही यांना नाही. विकताना शुल्क पुन्हा द्यावं लागतं.

नाण्याचे आधीचे मालक

या छंदातला मला सर्वांत आनंद देणारा भाग हा. हातोड्याने पाडलेलं प्रत्येक नाणं वेगळं असतं. चकतीचा आकार, कडेची भेग, अक्षराचा तुटका पाय, हे सगळं म्हणजे त्याच्या बोटांचे ठसेच. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगातल्या फोटोशी तुमचं नाणं जुळवता येतं. रिचर्ड लॉकेट यांचा प्रचंड संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५०च्या दशकाच्या मध्यापासून लंडनमध्ये टप्प्याटप्प्याने विकला गेला, त्यात स्कॉटिश नाण्यांचे वेगळे लिलाव होते. त्या कॅटलॉगांच्या फोटोपानांवर आजच्या बाजारातली कित्येक नाणी सापडतात. न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर असे असंख्य जुने कॅटलॉग स्कॅन करून ठेवले आहेत.

करायचं असं. आपल्या नाण्याचा फोटो जुन्या फोटोच्या मापाचा काढा. आधी बाहेरची रेषा जुळवा, मग कुठलंही एक तुटकं अक्षर, मग भेग. तिन्ही जुळल्याशिवाय 'हेच ते' म्हणू नका. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी अक्षरांत सारखीच असतात, चकती मात्र वेगळी. जुना मालक सापडला तर भाव वाढतो, ही त्यातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट अशी की ते नाणं अलीकडे कुणाच्या शेतातून चोरून उकरलेलं नाही हे सिद्ध होतं.

कायदा

स्कॉटलंडमध्ये जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू, कोणी पुरलेली असो वा हरवलेली, राजसत्तेची असते. सापडवणाऱ्याने ती एडिनबराच्या ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवायची. संग्रहालयाला हवी असेल तर त्याला बक्षीस मिळतं, नको असेल तर क्रमांक असलेल्या प्रमाणपत्रासह वस्तू परत मिळते. त्यामुळे 'मागच्या वर्षी पर्थशरमधल्या शेतात सापडलं' असं कोणी सांगितलं तर पुढचा प्रश्न एकच, प्रमाणपत्र दाखवा. इंग्लंडचा नियम निराळा आहे. तिथल्या १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली की ती ट्रेझर ठरतात, सुटं एकटं नाणं सहसा ठरत नाही. स्कॉटिश सोनं सीमेपलीकडेही सापडतं, म्हणून कुठे सापडलं हे आधी विचारा. ब्रिटनबाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागू शकतो. लिलावघर तो अर्ज बहुतेक वेळा स्वतः करून देतं, पण बोलीआधी विचारून घ्या.

पुण्यात, मुंबईत किंवा पणजीत बसून खरेदी करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. पुरावस्तूची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कुणालाही करता येत नाही. म्हणजे एकदा डेमी घरी आणली की विकण्यासाठी ती लंडनला परत पाठवण्याचा मार्ग व्यवहारात बंद. आणि या नाण्यांचे जाणकार गिऱ्हाईक लंडनलाच आहेत. म्हणून ज्यांचा मुक्काम ब्रिटनमध्ये आहे त्यांनी संग्रह तिथेच ठेवावा असं माझं मत आहे. भारतात राहणाऱ्याने परदेशी पैसे पाठवणं, सीमाशुल्क आणि परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवणं या तिन्ही बाबतीत बोलीआधीच सीएकडून लेखी सल्ला घ्यावा. नाणं कस्टममध्ये अडकल्यावर घेतलेला सल्ला महाग पडतो.

घरी आल्यावर

धुवायचं नाही, पुसायचं नाही, रिठा नाही, टूथपेस्ट तर नाहीच. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, ती कालांतराने चिकट द्रव सोडतात. लाकडी खणांची नाणेपेटी उत्तम, ती नसेल तर टणक प्लास्टिकच्या गोल डब्या. सोन्याला कोकणातल्या दमट हवेचं काही होत नाही, पण कागदाला होतं. जुन्या चिठ्ठ्यांना बुरशी लागते, म्हणून त्या वेगळ्या, आम्लरहित पाकिटात. विम्यासाठी वजन, दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो आणि पावती, या सगळ्याची एक प्रत घराबाहेर ठेवा.

चिठ्ठ्यांबद्दल आणखी थोडं. नाण्याखाली गोल कापलेला पुठ्ठा ठेवायची आणि त्यावर बारीक अक्षरात राजा, क्रमांक, कुणाकडून, कधी हे लिहायची पद्धत जुनी आहे. नाण्यासोबत आलेली प्रत्येक चिठ्ठी जपायची, तिच्यावर राजा चुकीचा लिहिलेला असला तरी. माझ्या एका डेमीबरोबर आलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत दुसरा जेम्स लिहिलं आहे. खुणा पाहता ती पहिल्याची आहे. मी माझी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, तिच्यावर पहिला जेम्स आणि माझी कारणं दोन ओळींत मांडली, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच खणात तिच्याखाली ठेवल्या आहेत.